दसऱ्याचे सहा प्लग

दादा, तुझी गाडी मिसिंग मारतेय.

तुझं तेरावं झालं, पाव्हणेरावळे पांगले, मांडवाचे बांबू निघाले, आणि परवा सकाळी तुझी गाडी पहिल्यांदाच तुझ्याशिवाय सुरू केली. सहापैकी पाच सिलिंडर बोलत होते, एक मुका. नवा ड्रायव्हर गफूरभाई मनमाडचा आहे, भला माणूस. बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सहाच्या सहा प्लग नवे टाका. कांदा घेऊन उतरायला काय, उतरेल गाडी. पण येताना खताची पोती भरून कसारा चढायचाय. मेरे भी बालबच्चे हैं."

सुमनवहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "वन्सं, तुम्ही सांगाल तसं."

दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणला माल निघायचा होता. गाडी उभी राहिली की या घराची चूल उभी राहणार, हे काही तुला समजावून सांगायला नको. आणि गाडी घाटात मागं आली तर काय, हेही नको.

म्हणजे ज्या प्रश्नावर आपण दहा वर्षं भांडलो, तो अर्धवट सोडून तू निघून गेलास आणि उत्तर द्यायला मला उभं केलंस. जुन्या गाडीचे प्लग बदलायचे कधी? पण त्याआधी मला तुझ्यापाशी एक कबुली द्यायची आहे. तू असताना दिली असती तर प्लगपाना घेऊन सायखेड्याच्या वेशीपर्यंत मागं लागला असतास.

आधी घाटाचं सांगते. तुला ते कधी महत्त्वाचं वाटलंच नाही, म्हणून सांगते.

मी नुकती बी.एस्सी. झाले होते. आपल्या घरात अंगठा सोडून सही करणारा पहिला तू आणि पदवी घेणारी पहिली मी. हे मी मिरवते आणि मिरवणारच, त्यात लाजायचं काय? मला कल्याणच्या एका शाळेत मुलाखतीला जायचं होतं. तू म्हणालास, "यष्टीला कशाला? आपली गाडी हाय ना." मी तुझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी तू मला ताईच म्हणायचास. "ताई, केबिनमध्ये बसून जा, मॅडमवानी." मुलाखतीचं काही झालं नाही. येताना मागं खताची पोती होती. घाटात तिसऱ्या वळणावर गाडी खोकायला लागली, धापा टाकल्या आणि थांबली. मग मागं आली. हातभरच आली, पण मागं आली.

तू उडी मारून चाकाखाली धोंडा सारलास, बॉनेट उघडलंस, आणि तोंडातली तंबाखूची पिंक एकेका प्लगवर टाकलीस. पाच ठिकाणी चर्र आवाज आला. चौथ्यावर आला नाही, तो थंडच होता. "हा बघ मेलेला," म्हणालास, जसा काही उंदीर सापडला. माझ्या केसांतली पिन मागितलीस. तिनं प्लगवरची काजळी खरवडलीस, करवतीच्या पात्याचा तुकडा फटीत घालून अंतर बघितलंस आणि परत बसवलास. गाडी चालू.

"पाच मिन्टं लागली. बघितलं?"

मी बघितलं नव्हतं, दादा. मी पाच मिनिटं दरीकडं बघत होते. आणि पिन तू परत दिली नाहीस.

त्यानंतर मला नाशकात रद्दीच्या दुकानात ते इंग्रजी पुस्तक मिळालं. तुझ्या गाडीच्याच जातीच्या, लष्कराच्या लिलावातून आलेल्या पेट्रोलच्या गाड्यांचं. मी ते ओसरीवर बसून तुला मराठीत वाचून दाखवलं. दर पाच हजार मैलांनी प्लग साफ करावेत, दर दहा हजार मैलांनी सर्व प्लग बदलावेत.

तू शांतपणे ऐकलंस. "लिव्हणारा कुठला?"

"विलायतेचा."

"त्याच्या तिकडं कसारा हाय का?"

"नाही."

"मंग त्याला काय ठाऊक माझ्या गाडीला काय होतं ते?"

"दादा, हे शास्त्र आहे."

"शास्त्र बरूबर हाय गं. पण दहा हजार मैल झाले हे सांगणार कोण?"

गाडीचं मीटर बंद होतं. ते एकदा पूर्ण फिरून शून्यावर आलं होतं, पुन्हा चढायला लागलं होतं आणि एके दिवशी ओझरच्या पुढं कायमचं थांबलं होतं. तेव्हापासून तुझ्या लेखी गाडीचं वय वाढणंच थांबलं. कुणी विचारलं की मीटर दाखवायचास. "एवढीच चाललीय." एवढंसं तोंड करून सांगायचास, लग्नाच्या मुलीचं वय सांगावं तसं.

मी हार मानणारी नव्हते. वर्षभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुझ्या खेपा लिहिल्या. पिंपळगावच्या वेगळ्या, नाशकाच्या वेगळ्या, कल्याणच्या वेगळ्या. अंतरांनी गुणलं. दसरा ते दसरा दहा हजार मैल, थोडे वरच. तुझ्यापुढं आकडा ठेवला.

तू कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलंस. "ताई, तू पास झाली ते झाकच झालं. नायतर एवढा गुणाकार कुणी केला असता?" आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावलंस. विषय संपला.

तुझं शास्त्र वेगळं होतं. प्लग काढून उन्हात धरायचास आणि त्याच्या नाकाचा रंग बघायचास. चहासारखा तांबूस असला तर सुखात आहे. काळा आणि तेलकट असला तर आजारी. पांढराफटक पडला तर अंगात ताप आहे. "घरात एकाला खोकला झाला म्हणून डॉक्टर समद्या घराला सुई टोचतो का? जो आजारी त्यालाच औषध." हे तू इतक्या वेळा म्हणालास की पुढं मी वर्गात शिकवताना माझ्याच तोंडून एकदा गेलं, आणि मला स्वतःचा राग आला.

अरबांनी पेट्रोल महाग केलं त्या वर्षी सगळ्यांनी आपापल्या गाड्यांना डिझेलची इंजिनं बसवून घेतली. तू नाही. का, असं विचारलं तर म्हणालास, "डिझेलला प्लगच नसतो. मंग माणसानं बोलायचं कुणाशी?"

आणि एकीकडं माझं शास्त्र उडवून लावणाऱ्या तूच गाडीच्या मागच्या फाळक्यावर पेंटरकडून काय लिहून घेतलंस? आईची पुण्याई, ताई बी.एस्सी. अक्षरं परातीएवढी. घाटातल्या चहाच्या टपरीवर परमुलखातले ड्रायव्हर तुला विचारायचे, "उस्ताद, ये बी.एस्सी. कौनसा परमिट है?" आणि तू मिशी पुसत सांगायचास, "बहुत बडा है. सगळ्या हिंदुस्थानात चालतं."

तर आता कबुली.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कुणी विळे-कोयते मांडतात, कुणी शिवणाचं मशीन. तू इंजिनातले सहाही प्लग काढायचास, पेट्रोलनं धुवायचास आणि देवघरापुढं पाटावर ओळीनं मांडायचास. पूजा करायचास. ते रात्रभर देवाजवळ राहायचे आणि दसऱ्याला सकाळी परत गाडीत. पूजा झाली की नवमीच्या दुपारी तू झेंडू आणायला नदीपलीकडच्या मळ्यात जायचास. दीड तास तरी लागायचा, कारण तू फुलांपेक्षा गप्पा जास्त आणायचास.

त्या दीड तासात मी प्लग बदलले.

मी तेव्हा नाशकात शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते, लग्न झालं होतं. पगारातून सहा नवे प्लग घेतले आणि पर्समध्ये घालून माहेरी आले. नव्याकोऱ्या प्लगाचं नाक पांढरंशुभ्र असतं, ते तू लांबून ओळखलं असतंस. म्हणून तुळशीला लावायचा गेरू घेतला, त्यात चिमणीची काजळी मिसळली आणि कापसाच्या बोळ्यानं एकेकाला चहाचा रंग दिला. तीन वर्षं रसायनशास्त्र शिकले ते असं कामाला आलं. तुझे जुने सहा पर्समध्ये, माझे सहा पाटावर. वर पुन्हा बोटानं हळदकुंकू लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन वहिनीबरोबर पुरणाची डाळ वाटत बसले.

दसऱ्याला तू ते गाडीत बसवलेस. माझ्या काजळीमुळं पहिली पाच मिनिटं इंजिन खोकलं. तू म्हणालास, "कुंकू गेलंय घशात." मग इंजिन असं सुरात लागलं की तू गल्लीतल्या माणसांना हाका मारून बोलावलंस. "ऐका! जुन्याच प्लगवर! पुस्तकवाले म्हणतात बदला." आणि माझ्याकडं बघून हसलास.

जिंकले मी आणि मिरवलास तू. पण तू वर्षभर घाट चढणार होतास, तो माझ्या प्लगांवर, एवढं मला पुरे होतं.

असे आठ दसरे. बाकीच्या बहिणी भाऊबीजेला माहेरी जातात, मी खंडेनवमीला. सासूबाई विचारायच्या, "तुमच्याकडं हे काय नवीन?" माझे मिस्टर तेवढे जाणून होते. निघताना दारातून हळूच विचारायचे, "गेरू घेतलास?"

आणि दर वर्षी मी आणलेले जुने प्लग घरी येऊन बघायचे तेव्हा माझं रक्त आटायचं. पहिल्या वर्षीचे बरे होते. पण दुसऱ्या वर्षीपासून! टोकं झिजून नाहीशी झालेली, चिनीमाती तडकलेली, काजळीची ढेपळं. मी म्हणायचे, या असल्या प्लगांवर हा माणूस घाट चढतो? एका वर्षात माझ्या नव्या प्लगांची ही दशा? मी ते वर्गात नेऊन मुलांना दाखवायचे, दुर्लक्षाचा परिणाम म्हणून. एका वर्षी तर सहातला एक स्कूटरचा निघाला. दादा, मी आठवडाभर नीट जेवले नाही. माझ्या सख्ख्या भावानं सहा सिलिंडरच्या ट्रकला स्कूटरचा प्लग लावलाय, आणि मी त्याला विचारूही शकत नाही, कारण तो माझ्या पर्समध्ये कसा आला हे सांगावं लागेल!

आता परवाचं.

मी गफूरभाईंना म्हटलं, "थांबा. नाशकाला जाऊन सहा प्लग घेऊन येते." पर्स उचलली. वहिनी म्हणाली, "वन्सं, नाशकाला कशाला?" आणि माजघरातून तुपाचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला.

झाकण उघडलं. आत प्लग होते. नवेच्या नवे, नाकाला गेरू लावलेले. एकोणतीस. मी मोजले. मधे मधे आपट्याची वाळकी पानं.

"वहिनी, दादाला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी."

"कशावरून? मी रंग तर इतका हुबेहूब..."

"रंग झाक होता. हळद चुकली." वहिनी पदरात हसायला लागली. तुझ्यानंतर पहिल्यांदा हसली ती. "ते प्लगला हळद कधी लावायचेच नाहीत. म्हणायचे, हळद इंजिनात गेली की मिसिंग मारतं. नुसतं कुंकू लावायचे. तुम्ही दोन्ही लावलं. मळ्यातून फुलं घेऊन आले, पाट बघितला आणि मला खुणेनं बोलावून म्हणाले, आपल्या घरात बी.एस्सी. चोर शिरलाय."

म्हणजे गल्लीला बोलावून जुन्याच प्लगवर म्हणून ओरडलास तेव्हा तुला माहीत होतं! म्हणूनच माझ्याकडं बघून हसलास!

"आणि मग?"

"मंग दुसऱ्या वर्षीपासून नाशकातल्या गॅरेजांतून भंगारातले सहा प्लग मागून आणायचे आणि ते पाटावर ठेवायचे. खरे सहा तांदळाच्या डब्यात. तुम्ही भंगार पर्समध्ये घातलं की रात्री खरे परत पाटावर आणि तुमचे उचलून या डब्यात. म्हणायचे, ताईनं पोरी दाखवायला आणल्यावानी पावडर लावून आणलेत."

"आणि तो स्कूटरचा?"

"तो मुद्दाम ठेवला होता. तुमचं तोंड कसं होतं बघायला. पण तुम्ही घरी गेल्यावर बघितला ना. लय हळहळले."

सात वर्षं, दादा. दर वर्षी भंगाराची पूजा झाली, दर वर्षी मी ते भंगार चोरलं आणि मुलांना शिकवलं. मला संताप आला. मग मी मोजायला बसले. मी आणले अठ्ठेचाळीस. डब्यात एकोणतीस. मग एकोणीस गेले कुठं?

"ते गाडीत गेले. एखादा आजारी पडला की म्हणायचे, दे गं ताईच्या डब्यातला एक. विकत एक बी आणला नाय त्यांनी."

म्हणजे बदलत होतास. माझेच लावत होतास. पण एकेक, तुला वाटेल तेव्हा. मी म्हटलं, "अहो, पण मला एकदा सांगायचं ना! एवढी वर्षं मी..."

वहिनी डब्याचं झाकण फिरवत राहिली. "मी म्हटलं होतं त्यांना. म्हणाले, सांगितलं तर ताई दसऱ्याला यायची नाय." मग झाकण बाजूला ठेवून म्हणाली, "आणि प्लग बी यायचे नायत."

यातलं खरं कारण कुठलं, हे तुला विचारायचं राहून गेलं. मी दोन्ही धरून चालले आहे.

गफूरभाई बाहेर खाकरले. त्यांनी डबा पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "अरे वा! मग टाका की सहाही. एवढे पडलेत." बरोबर बोलत होते. माझं पुस्तकही तेच बोलत होतं, आणि मीही आठ वर्षं तेच बोलत आले होते. गाडी कुणाच्या भरवशावर घाट चढणार? दहा वर्षांपूर्वी दरीकडं बघत बसलेली मुलगी ओरडत होती, सहाही टाक, सहाही टाक.

मी म्हटलं, "आधी बघू तरी."

इंजिन गरम करायला सांगितलं. तंबाखू काही मी खाल्ली नाही, तेवढी तुझी चेली नाही झाले अजून. तांब्यात बोटं बुडवून एकेका प्लगवर पाणी शिंपडलं. चर्र. चर्र. चर्र. चौथा गप्प. तुझा तोच जुना रोगी. नंतर इंजिन निवल्यावर सहाही काढून ओसरीच्या कडेला उन्हात मांडले. चौथा काळा आणि तेलकट. बाकी पाच चहाच्या रंगाचे, कसे अगदी माझ्या गेरूच्या रंगाचे! मी मान्य करते, दादा, की त्या पाचांकडं बघितल्यावर त्यांना फेकून द्यायचं मला काही कारण सापडलं नाही.

डब्यातला एक घेतला. गेरू पदरानं पुसला, हळद नखानं काढली. हत्यारांच्या पेटीत करवतीच्या पात्याचा तुकडा शोधताना खाली एक केसांची पिन सापडली. काळी पडलेली. ती मी घेतली आहे, माझी आहे.

चौथा नवा, पाच जुने. आणखी पाच नवे फडक्यात बांधून प्लगपान्यासकट गफूरभाईंच्या सीटखाली ठेवले आणि म्हटलं, "घाटात शंका आली तर थांबा आणि बदला. आली नाही तर नका बदलू." त्यांनी कान देऊन इंजिन ऐकलं. सहाही सिलिंडर बोलत होते. "अब बराबर," म्हणाले. मी आत जाऊन बसले.

काल गाडी गेली. काल दिवसभर मी आणि वहिनीनं नुसते तांदूळ निवडले. निवडलेले परत निवडले.

आज दुपारी वळणावर आवाज आला. वहिनीनं माझ्याआधी ओळखला. "सहा हायत," म्हणाली. मागं खताची पोती होती. गफूरभाई उतरले, फडकं माझ्या हातात दिलं. पाचही प्लग तसेच. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. आणि म्हणाले, "बाई, एक विचारू? घाटात दोघातिघांनी विचारलं, मागं लिहिलंय ते बी.एस्सी. कौनसा परमिट है?"

तू सांगायचास तेच मी सांगितलं.

आता ऐक. तू जिंकलास असं समजू नकोस. चौथाच प्लग सारखा का काळा होतो? त्या सिलिंडरची रिंग झिजलीय, तेल वर येतंय. पुस्तकात पान लावून ठेवलंय. तू दहा वर्षं रोग्याला औषध दिलंस, रोग शोधला नाहीस. पुढच्या महिन्यात इंजिन उघडून घेणार आहे मी. बोल काय बोलायचं ते.

आणि एक. तू गेल्यावर मधे एक दिवस शाळेसाठी नाशकाला जाऊन आले. मी निघताना दर वेळी वहिनी मला कुंकू लावायची. या वेळी करंडा शेजारच्या काकूंनी हातात घेतला आणि वहिनी दाराआड जाऊन उभी राहिली, कुणी न सांगताच. मी तेव्हा काही बोलले नाही. पदवी घेतलेली बाई मी, आणि बोलले नाही. ते मला तेव्हापासून खुपतंय.

म्हणून दसऱ्याला येणार आहे. नवे प्लग आणणार नाही, अठ्ठावीस आहेत. पण पाटावर या वर्षी गाडीतले खरे प्लग ठेवायचे, भंगार चालणार नाही. हळद मी लावणार. मिसिंग मारलं तर मारू दे, पुसायला येतं मला.

कुंकू वहिनी लावेल.